इंजिन खोललं, बदललं नाही. आता सगळं भांडण मागच्या ऑइल सीलवरून

इंजिन काम करून गाडी रस्त्यावर आली त्याला बरेच महिने झाले. लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण ताजं इंजिन सगळ्यांचंच गोड वाजतं. गाडी जुनी आहे: सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल, मेकॅनिकल पंप, वेट लायनर (म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती बदलता येणारी नळी, जिच्या बाहेरून थेट पाणी खेळतं). ज्यांची गाडी नवी, कॉमन रेल आणि सेन्सरवाली आहे, त्यांना यातलं निम्मंच लागू होईल.

लक्षणं सगळ्यांना ठाऊक असलेलीच होती. ऑइल खात होती, चढावर दम नव्हता, ब्रीदरच्या (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून गाडी उभी असतानाही वाफेसारखा धूर. इंजिन गरम झालं की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा झोपायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, "हे संपलं, दुसरं टाका." हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही गेज लावून पाहिलं नव्हतं. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो, नोझल खराब असलं तरी सकाळी पांढरा धूर येतो. म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घेतलं. चांगल्या डिझेल इंजिनात ते 350 ते 400 पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून वर असतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघायचा. आमचे दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली. मग त्यांत हवा भरून कान लावला. हवा सायलेन्सरकडून आली तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्केट किंवा हेड, ब्रीदरमधून आली तर रिंग-लायनर. ती ब्रीदरमधून आली. म्हणजे नुसतं हेडचं काम करून सुटका नव्हती.

आता पर्याय. भंगारात निघालेल्या गाडीचं चालू इंजिन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर. पण ते किती चाललंय, किती वेळा तापलंय, हे विकणाराही सांगू शकत नाही. स्टँडवर दोन मिनिटं चालू करून दाखवलेल्या इंजिनावर माझा विश्वास नाही, त्यातून ते आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर मुळीच नाही. दुसरा पर्याय एक्सचेंजचं रिकंडिशन इंजिन, म्हणजे आपलं जुनं देऊन दुरुस्त करून ठेवलेलं दुसरं घ्यायचं. कागदावर वॉरंटी, काम दोन-चार दिवसांत, गाडी उभी राहात नाही. मन तिकडे जवळजवळ गेलंच होतं. पण जुन्या इंजिनापोटी धरलेली डिपॉझिटची रक्कम ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) वापरण्याजोगे निघाले तरच परत मिळते, आणि ते ठरवणार तेच. शिवाय बऱ्याच वेळा पंप, टर्बो, स्टार्टर, डायनामो आपलेच जुने बसवावे लागतात, मग "फुल इंजिन" म्हणून सांगितलेला भाव हळूहळू वाढत जातो. मी काटकसरी माणूस. वेट लायनरच्या इंजिनात लायनर, पिस्टन, रिंग सगळं नवं टाकता येतं, मग चांगला ब्लॉक देऊन दुसऱ्याचा ब्लॉक कशाला घ्यायचा? इंजिन खोललं.

आणि खोललं हे फार बरं झालं, कारण आतलं दृश्य झिजेचं कमी आणि धुळीचं जास्त होतं. लायनरवर उभ्या रेघा, वरच्या रिंगा खालच्यांपेक्षा कितीतरी जास्त झिजलेल्या. एअर फिल्टर नवाच होता. मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज हाताने वाकवून पाहिला तर क्लॅम्पच्या आत, सहज दिसणार नाही अशी, चीर. म्हणजे गाडी फिल्टर न लावता चालवल्यासारखं. थेट दुसरं इंजिन टाकलं असतं तर याच होजने तेही खाल्लं असतं, आणि वॉरंटीवाल्यांनी "धूळ गेलीय, क्लेम बसत नाही" म्हणून हात वर केले असते. इंजिन का झिजलं हे कळण्याआधी कुठलाच पर्याय निवडू नका, एवढंच मी ठासून सांगेन.

लायनर बाहेर काढल्यावर पाण्याच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले. पिस्टन लायनरवर आपटतो, लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड पोखरतात. नुसतं पाणी किंवा मिळेल तो कुलंट ओतणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं. आमचा एक लायनर आरपार व्हायला फार उरलं नव्हतं, आणि तसं झालं असतं तर पाणी थेट खालच्या चेंबरमधल्या (ऑइल साठतं त्या टाकीतल्या) ऑइलात. आता या इंजिनासाठी सांगितलेलाच कुलंट, ॲडिटिव्हसकट.

क्रँक 0.25 मिलिमीटर अंडरसाइज ग्राइंड झाला, म्हणजे घासून तेवढा बारीक केला. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते डायल गेजने प्रत्येक सिलिंडरला मोजायला लावलं. ही उंची मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात बघायची असते. ती कमी पडली की हेड गास्केट दाबलं जात नाही आणि काही दिवसांत पुन्हा हेड खोला. मिस्त्री वैतागला, पण मोजलं. ऑइल कूलर मात्र नवाच टाकला. बेअरिंगची चुरी कूलरच्या आत अडकून राहते आणि नव्या बेअरिंगला खाते, तिथे माझी काटकसर चालली नाही.

रनिंग-इनला, म्हणजे नवं काम झालेलं इंजिन रुळवताना, लोक गाडी जपून, तासन्तास आयडलवर चालवतात. डिझेलला ते वाईट. रिंगा लायनरवर बसायला मागून दाब लागतो, नाहीतर लायनर गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं कायमचं राहतं. मी मध्यम लोड घालून, आरपीएम खालीवर करत चालवली, पहिलं ऑइल लवकर बदललं. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट, ब्रीदर कोरडा, चढावर एक गिअर वरचा. ॲव्हरेजही सुधारलं. इथवर पाच तारे.

मग ते टपकणं. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून, गाडी उभी केली की थेंब. मेकॅनिकचं पहिलं उत्तर, "टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) ओघळत असेल." पुसून घेतलं, पुन्हा तेच. दुसरं उत्तर, "गिअरबॉक्सचं ऑइल असेल." गिअर ऑइलचा वास कुणालाही ओळखता येतो, हा वास तो नव्हता. शेवटी ऑइलमध्ये चमकणारा डाय (रंग) टाकून निळ्या दिव्याखाली दाखवलं: टॅपेट कव्हर कोरडं, ब्लॉकची मागची बाजू वरून कोरडी, हाउसिंगच्या आत फ्लायव्हीलमागे चमकतंय. क्रँकचं मागचं सील, म्हणजे क्रँक मागून बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी कडी. यावर तिसरं उत्तर आलं, "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच."

माझं डोकं फिरलं ते या वाक्यावर. गाडी जुनी असेल, सील तर नवं होतं ना? वर्षानुवर्षं सीलची कड एकाच जागी घासून क्रँकवर चर पडतो. क्रँक ग्राइंडला जातो तेव्हा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) घासले जातात, सीलची जागा तशीच राहते. त्यावर जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची स्टीलची स्लीव्ह चढवायची असते, किंवा सील जरा मागेपुढे बसवायचं असतं. त्यातही हे टेफ्लॉनच्या कडेचं सील, म्हणजे कोरडंच बसवायचं. जुन्या रबरी सीलच्या सवयीने त्याला ऑइल चोपडून बसवलं की ते गळतं. "कोरडं बसवलं होतं का?" असं मी विचारलं तेव्हा जी शांतता पसरली, ती पुरेशी होती. सीलची किंमत बिलात सगळ्यात तळाला, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा.

त्या रागात मी रिकंडिशनवाल्यांना पुन्हा फोन केला होता हेही सांगतो. वाटलं, निदान एका कागदावर सगळी जबाबदारी राहिली असती, मशीनशॉपने मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीने मशीनशॉपकडे बोट दाखवलं नसतं. आजही ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर धंदा बुडतो, त्याला मी एक्सचेंजच घ्या म्हणेन. ब्लॉकला तडा असेल, कॉनरॉड बाहेर आला असेल, किंवा क्रँक शेवटच्या साइझपर्यंत आधीच घासला गेला असेल, तर खोलण्यात अर्थच नाही. आणि चेसिस कुजलेली असेल तर दोन्हीतलं काहीच करू नका.

पण डिपस्टिक काय म्हणते ते बघितलं पाहिजे. एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत टॉप-अप जवळजवळ नाही. जमिनीवर दिसतं ते डोळ्यांना जास्त, मापात नगण्य. ब्रीदर चोंदला असता तर आतला दाब वाढून सीलमधून ऑइल ढकललं गेलं असतं, तेही तपासलं, मोकळा आहे. इंजिन म्हणून काम उत्तम झालंय, हे मला कबूल आहे. तरी मी रोज गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि डाग बघतो. घरचे हसतात, हसू देत.

तडजोड अशी ठरलीय: क्लच प्लेट पुढेमागे बदलावी लागणारच आहे, तेव्हा गिअरबॉक्स उतरेल, त्याच वेळी स्लीव्ह आणि नवं सील, मजुरी त्यांची, सामान माझं. मी हे त्यांच्याकडून जुन्या बिलाच्या मागे लिहून आणि सही करून घेतलंय. त्याआधी ऑइल प्लेटवर जाऊन क्लच घसरायला लागला तर प्लेटचे पैसे कोण देणार, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.