जर्मनीसाठी कन्सल्टंट करावा की स्वतः अप्लाय करावं? दोन्ही करून झाल्यावरचं माझं मत

सप्टेंबरात निघतोय, मास्टर्सला. हे कळल्यापासून वडोदऱ्यात, आमच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या तीन-चार मुलांनी हेच विचारलंय, कन्सल्टंट करू का स्वतःच अप्लाय करू. मी पहिल्या वर्षी पैसे भरून केलं आणि दुसऱ्या वर्षी घरी बसून स्वतः केलं, म्हणून जे अनुभवलं तेच लिहितोय, तुमचं वेगळं असू शकतं.

कन्सल्टंटच्या बाजूने आधी बोलतो. अलकापुरीत ऑफिस, समोर बसलेल्या मॅडम शांतपणे सगळं समजावून सांगतात, आणि मुख्य म्हणजे आईबाबांचा जीव भांड्यात पडतो. आमच्या घरातून आजवर कोणी बाहेर शिकायला गेलेलं नाही, बाबांना वाटायचं माहितगार माणूस सोबत असलेला बरा, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. ४५ हजार भरले. आणि एक गोष्ट त्यांनी वेळेत सांगितली, की आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा, तर अ‍ॅफिडेव्हिट आधीच करून ठेव. हे मला स्वतःहून सुचलं नसतं.

युनिव्हर्सिटीच्या लिस्टबाबत मात्र जरा सांभाळून. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिटी सहसा कन्सल्टंटला कमिशन देत नाहीत, प्रायव्हेटवाल्या देतात. माझ्या आठ नावांत तीन प्रायव्हेट निघाली. सरकारीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फीच नसते, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सेमिस्टरला १,५०० युरो घेतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता युरोपबाहेरच्यांना फी लावलीये, तेवढं सोडलं तर प्रायव्हेटला जायचं कारण मला तरी दिसलं नाही. पण हे एकवेळ चालवून घेतलं असतं, लिस्ट बदलता येते.

जे चालवून घेता आलं नाही ते म्हणजे मेल आयडी. अप्लिकेशनसाठी त्यांनी माझ्या नावाने नवा आयडी काढला, पासवर्ड त्यांच्याकडे. विचारलं तर म्हणाले, तू टेन्शन घेऊ नको, मेल आम्ही बघतो, मुलं काहीतरी उलटसुलट उत्तर देऊन बसतात. मला पटलंही. जून गेला, जुलै गेला, दर आठवड्याला फोन करायचो आणि उत्तर एकच, अजून काही आलं नाही. शेवटी ऑगस्टात एका दुपारी ऑफिसात गेलो, मॅडम जेवायला गेल्या होत्या, त्यांच्या जागी बसलेल्या नव्या मुलाने माझा इनबॉक्स उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वरून चौथा मेल ठळक अक्षरात, म्हणजे कोणी उघडलेलाच नव्हता. ग्रेडिंग स्केलचा कागद कमी आहे, अमुक तारखेपर्यंत अपलोड करा. ती तारीख उलटून १९ दिवस झाले होते. आणि तो कागद मार्चपासून आमच्या घरी कपाटात, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. स्कॅन करायला दोन मिनिटं लागली असती. माझी पहिल्या पसंतीची युनिव्हर्सिटी तिथेच गेली. खाली पार्किंगमध्ये अ‍ॅक्टिव्हावर नुसता बसून राहिलो, घरी काय सांगायचं तेच कळेना.

सगळेच असे नसतात. माझ्या मावसबहिणीचं आयर्लंडचं काम कन्सल्टंटनेच केलं, फी न घेता, आणि प्रत्येक मेल तिला लगेच फॉरवर्ड व्हायचा. यूके, आयर्लंडसाठी कन्सल्टंट ठीक वाटतो मला, किंवा केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेले विषय, जास्त असतील, मध्ये दोन-चार वर्षांचा गॅप असेल, तरी.

दुसऱ्या वर्षी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करत होतो, रात्री जेवण झालं की लॅपटॉप घेऊन बसायचो. डीएएडीच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जर्मन संस्थेच्या, साइटवर कोर्स शोधायचा, मग त्या युनिव्हर्सिटीच्या पानावर जाऊन अटी वाचायच्या, कारण खरी मेख तिथे असते, कोणाला थर्मोडायनॅमिक्सचे, मॅथ्सचे ठरावीक क्रेडिट्स हवेत, कोणी थेट स्वतःच्या पोर्टलवर घेतं, कोणी युनि-असिस्टमधून, म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिटींचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेतून, कोणाला थेट अर्जाच्या आधी त्याच संस्थेकडून मार्क तपासल्याचा कागद, व्हीपीडी, लागतो. विंटर सेमिस्टरची डेडलाइन १५ जुलै असं सगळे सांगतात पण इंग्रजी कोर्सची पुष्कळदा ३१ मे किंवा त्याच्याही आधी असते. किचकट आहे, वेळ खातं, आणि चुकलं तर आपलंच चुकतं, मला दोन महिने रविवार असा मिळालाच नाही.

पण करता करता लक्षात आलं की ज्याने खरा दम निघतो ते पहिल्या वर्षीही मीच केलं होतं. ट्रान्सक्रिप्टसाठी कॉलेजात हेलपाटे मीच घातले, रेकमेंडेशनसाठी सरांच्या मागे मीच लागलो, आयईएलटीएस मीच दिली, नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे आपली डिग्री-मार्कशीट खरी असल्याचं सर्टिफिकेट, कंपल्सरी आहे त्याचे १८ हजार आणि कागद माझेच. युनि-असिस्टचे पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०, माझ्या पाच अर्जांचे १९५ झाले, हे कन्सल्टंट असला तरी वेगळे भरावेच लागतात, आणि ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे आधीच बँकेत अडकवून ठेवायचे, ११,९०४ युरोही कोणाला सुटत नाहीत. मग ४५ हजार कशाचे, तर फॉर्म भरायचे आणि अपलोड करायचे. आणि मेल बघायचे.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात परत तसाच मेल आला, एक पान नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा. चहाची सुट्टी होती, मशीनच्या आवाजात मोबाईलवर वाचला, ड्राइव्हमधून पीडीएफ काढली आणि सुट्टी संपायच्या आत अपलोड केली. आता तिथेच चाललोय.

तुमच्याकडे रोज तासभर असेल आणि निवांत बसून इंग्रजी अटी वाचायची तयारी असेल तर माझं मन स्वतः करण्याकडे झुकतं, एवढंच म्हणेन. आईबाबांना काळजी वाटत असेल तर त्यांना शेजारी बसवून एक अर्ज दाखवा, आमच्या बाबांची धास्ती तिसऱ्या अर्जाला गेली, नंतर तेच डेडलाइन विचारायला लागले. आणि कन्सल्टंटकडे पैसे भरून झाले असतील तरी बिघडलं नाही, फक्त आजच्या आज मेल आयडी आणि पोर्टलचा पासवर्ड मागून घ्या, रिकव्हरीला स्वतःचा मोबाईल नंबर टाका, आणि ते नको म्हणाले तर समोरून उठू नका.