मॅट कलरची गाडी धुवायला द्यायची कुठे? बीड बायपासच्या एका डिटेलिंगवाल्याचा रिव्ह्यू

संभाजीनगरात मॅट कलरच्या, म्हणजे चमक नसलेल्या रंगाच्या गाड्या आता बऱ्यापैकी दिसायला लागल्यात. २०२१ मध्ये सेल्टोसची एक्स-लाइन मॅट ग्रॅफाइटमध्ये आली तेव्हा सिग्नलला लोक वळून वळून बघायचे, मग कुशाक आली, व्हर्टस आली, आता इलेक्ट्रिक क्रेटा पण मॅटमध्ये मिळते. शोरूमच्या लाइटमध्ये कलर एकदम जबरी दिसतो, लोक जास्तीचे पैसे देऊन घेतात, आणि ही धुवायची कुठे हा प्रश्न डिलिव्हरी घेऊन घरी आल्यावर पडतो. आमच्याकडे मॅट ग्रे आहे, कंपनी कुठली ते जाऊ द्या कारण हा त्रास सगळ्यांना सारखाच आहे. हा रिव्ह्यू बीड बायपासला पत्र्याच्या शेडमध्ये डिटेलिंगचं (गाडी बारकाईने धुऊन साफ करायचं) काम करणाऱ्या एका माणसाचा आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, टाकू का म्हणून विचारलं तर म्हणाला "नको दादा, शनिवार रविवार आधीच फुल असतो, अजून गर्दी झाली तर हात घाईने चालतो आणि मॅटवर घाई चालत नाही." पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय.

पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्याने पाण्याला हातच लावला नाही. टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला, बॉनेटवर तिरपा उजेड टाकून बघितलं आणि विचारलं, याच्यावर आधी कोणी काही मारलंय का? मारलं होतं. त्याच्या आधी एका वॉशिंग सेंटरला (कुठलं ते सोडा) पोराने गाडी धुऊन झाल्यावर आपलेपणाने "साहेब शाइन मारून देतो" म्हणत डॅशबोर्डला मारतात तसला काहीतरी स्प्रे डाव्या बाजूच्या दरवाज्यांवर मारला होता, फडक्याने घासून बसवला पण होता, आणि मी चहा पिऊन येईपर्यंत एक बाजू मॅट आणि एक बाजू तेलकट असा प्रकार झाला होता. वर त्याचे पैसे पण लावले होते.

या डिटेलिंगवाल्याने काय केलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून घेतलं, आधी दाराच्या एकदम खालच्या कोपऱ्यात थोडंसं लावून बघितलं की कलरला काही होतंय का, मग टॉवेल ओला करून नुसता टेकवायचा, उचलायचा, टॉवेलची बाजू बदलायची, परत टेकवायचा. घासणं कुठेच नाही. दोन्ही दरवाजे असे करायला त्याला पाऊण तास तरी लागला असेल, मला बघून बघून कंटाळा आला पण तो शांत. बरंचसं निघालं. पेट्रोलच्या झाकणाजवळ तळहाताएवढा डाग मात्र तसाच राहिला, उन्हात उभी केली की अजून चमकतो. त्याने सरळ सांगितलं, "हे लावलेलं नाही दादा, हे घासलेलं आहे. लावलेलं काढता येतं, घासलेलं परत येत नाही." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता पॉलिशिंग करून देतो, तीन हजार द्या. आणि तिथेच पूर्ण पॅनलचा सत्यानाश झाला असता.

कारण मॅटचं गणितच वेगळं आहे. साध्या गाडीला वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आरशासारखा सपाट असतो, त्यामुळे उजेड पडला तसा परत फिरतो. मॅटच्या क्लिअर कोटमध्ये सिलिकासारखी बारीक भुकटी घातलेली असते, वाळला की वरचा थर डोळ्याला न दिसणारा खडबडीत होतो आणि उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून चमक नाही. आता टाकी लावलेला पाटा डोळ्यासमोर आणा, रोज वाटून वाटून तो गुळगुळीत होतो की नाही, तसंच इथे फडकं फिरून फिरून होतं, फक्त पाट्याला परत टाकी लावून मिळते आणि याला मिळत नाही. पॉलिश केलं की उंचवटे घासले जातात, वॅक्स लावलं की खड्डे भरतात, दोन्हीत चमक येते आणि ती पण सगळीकडे सारखी येत नाही. म्हणून स्क्रॅच पडला तर बफिंग नाही, टचअप नाही, पूर्ण पॅनल रंगवायचं. त्यातही पेंटरचा हात, गनचं प्रेशर, कोटची जाडी यावर मॅटपणा कमी जास्त होतो त्यामुळे शेजारच्या दरवाज्याशी मॅच झालं तर नशीब. हे शोरूमवाले बुकिंगच्या वेळी सांगत नाहीत, मॅन्युअलमध्ये मात्र बारीक अक्षरात असतं.

सोसायटीतल्या गाडी पुसणाऱ्या मामांचा विषय पण त्यानेच काढला. आपल्याकडे सगळीकडे हीच पद्धत, महिन्याचे ठरलेले पैसे, सकाळी सहाला एक बादली आणि एक फडकं, त्याच पाण्यात दहा-बारा गाड्या, आणि पाणी नसेल त्या दिवशी नुसतं कोरडं पुसणं. आपल्या शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं ते सगळ्यांना माहितीय, म्हणजे कोरडं पुसण्याचे दिवसच जास्त. साध्या गाडीला याने बारीक गोल ओरखडे पडतात आणि ते पॉलिशने जातात. मॅटला नेमकं जिथे मामांचा हात सहज पोचतो तिथे, म्हणजे बॉनेटची कड, दरवाज्याचा मधला भाग, डिकीचं हँडल, तिथे हळूहळू चकाकी येते. आम्ही मामांना सांगितलं फक्त काचा आणि आतलं पुसा, पैसे पूर्ण देतो. त्यांना ते काही पटलं नाही, "साहेब धुळीची गाडी बरी दिसत नाही" म्हणतात, आणि अधूनमधून प्रेमाने बॉनेटवर हात मारतातच.

आता त्याच्या वॉशबद्दल. आधी प्रेशरने पाणी, पण नोझल लांब धरून. मग फोम, तो पीएच न्यूट्रल (आम्लधर्मी पण नाही, अल्कधर्मी पण नाही) आणि त्यात वॅक्स किंवा ग्लॉस वाढवणारं काही नसलेला. हे महत्त्वाचं आहे कारण बाजारातले बरेच शॅम्पू "वॉश अँड वॅक्स" असतात आणि बाटलीवर ते मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं. फोम वाळू द्यायचा नाही, धुवायचा, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी आणि तळाला जाळी, मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा) प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खंगाळायचा म्हणजे माती जाळीखाली बसते आणि परत गाडीवर येत नाही. हात सरळ रेषेत, गोल गोल नाही, दाब अजिबात नाही. टायरचा ब्रश आणि बादली वेगळी. शेवटी ब्लोअरने पाणी उडवायचं आणि राहिलेलं टॉवेल पसरून टिपून घ्यायचं. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक मशिनमध्ये मॅट गाडी घालणं म्हणजे काय ते आता सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे पाणी. आपल्याकडे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, दोन्ही जड, बादलीला पांढरा थर येतो ते बघतोच आपण. हे पाणी गाडीवर वाळलं की क्षाराचे गोल डाग राहतात, साध्या गाडीवर ते पॉलिश करून काढता येतात, मॅटवर तो रस्ताच बंद. त्याच्याकडे सॉफ्टनर आहे का म्हणून मी जरा शहाणपणा करत विचारलं तर त्याने टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून दाखवला आणि समजावलं, की सॉफ्टनर कॅल्शियम काढतो पण बदल्यात सोडियम सोडतो, मीटरवरचा आकडा काही खाली येत नाही, डाग कमी चिवट पडतो एवढंच. म्हणून त्याने शेवटच्या पाण्यासाठी छोटा आरओ बसवलाय, त्याचं पाणी मीटरमध्ये धरलं तर आकडा खरंच एकदम खाली. आणि आरओचं वाया जाणारं पाणी तो फेकत नाही, वेगळ्या टाकीत साठवतो आणि चाकांच्या आतला चिखल, गाडीच्या खालची बाजू त्याने धुतो. पत्र्याच्या शेडमध्ये एवढा विचार केलेला बघून बरं वाटलं राव, एसी वेटिंग रूम असलेल्या ठिकाणी पण बोअरचा पाइप थेट गाडीवर असतो.

समृद्धीवरून आलेली गाडी असेल तर आधीच सांगा. एकशेवीसच्या स्पीडला संध्याकाळी जालन्याकडून आलं की पुढचा बंपर आणि आरसे किड्यांनी भरलेले असतात, आणि ते आम्लधर्मी असतं, दोन दिवस उन्हात राहिलं की कलर खातं. पक्ष्यांच्या शिटेचं पण तेच. तो त्यावर शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल दहा मिनिटं टाकून ठेवतो, मऊ झालं की आपोआप सुटतं. हे घरी पण करता येतं, गाडीत एक पाण्याची बाटली आणि दोन मऊ मायक्रोफायबर ठेवा, नखाने खरवडू नका आणि ओला टिश्यू पण घासू नका.

कोटिंगचं विचारलं तेव्हा मला वाटलं आता हा कापणार. पण नाही. म्हणाला साधं सिरॅमिक कोटिंग मारू नका, कलर गडद होऊन चमक येऊ शकते, मॅटसाठी वेगळं येतं, जिऑनचं क्यूटू मॅट वगैरे, त्याने घाण चिकटत नाही आणि धुणं सोपं होतं, पण स्क्रॅच थांबत नाहीत, जो थांबतात म्हणेल तो खोटं बोलतोय. स्क्रॅचची भीती असेल तर मॅट पीपीएफ (रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म), एक्सपेलची स्टेल्थ सारखी फिल्म, बारीक ओरखडे उन्हाच्या गरमीने भरून येतात आणि फिल्म खराब झाली तर फिल्म बदलता येते, कलर बदलावा लागत नाही. पण पूर्ण गाडीचं पीपीएफ चांगलंच महाग, ते तो स्वतः करत पण नाही, दुसरीकडे पाठवतो. आम्ही फक्त बंपर, बॉनेट आणि हँडलच्या खाचा करायचं ठरवतोय, आईच्या अंगठीने ड्रायव्हरशेजारच्या हँडलमध्ये ऑलरेडी कलाकारी झालेली आहे.

दसऱ्याचं तर वेगळंच. आई दरवर्षी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढते, हळदीची बोटं, झेंडूचा हार, निरांजन ओवाळताना एखादा तेलाचा थेंब. कुंकू सुकल्यावर पुसायला गेलं की गुलाबी पसरतं आणि तेलाचा थेंब खडबडीत थरात जाऊन बसतो. याला विचारलं तर हसला, म्हणाला निम्मी गिऱ्हाइकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच घेऊन येतात. त्याचं म्हणणं, हळदीचं फार टेन्शन घेऊ नका, ती उन्हाने फिकी होते, कुंकू भरपूर पाण्याने वाहू द्या पण पुसू नका, तेल मात्र त्याच दिवशी शॅम्पूने काढा, आणि हाराची दोरी बॉनेटवर घासत राहील अशी बांधून गाडी पळवू नका. आईशी तडजोड अशी झाली की स्वस्तिक समोरच्या काचेवर आणि हळदीकुंकवाची बोटं नंबरप्लेटवर.

आता तक्रारी. बसायला जागा नाही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा, एप्रिलमध्ये पत्र्याखाली दोन तास काढून दाखवा. गाडी धुवायची जागा एकच आहे त्यामुळे अपॉइंटमेंट असली तरी आधीची गाडी लांबली की तुमचं पण लांबतं. आतलं क्लिनिंग यथातथाच, पायाखालच्या मॅटच्या खाली वाळू राहिली होती, सांगितल्यावर केलं पण सांगावं लागलं, दाराच्या कडा पण एकदा तशाच सोडल्या होत्या. आणि बाराशे रुपये वॉशचे, आपल्याकडे चारशे-पाचशेत गाडी धुऊन मिळते तिथे हे जास्तच वाटतं. एक स्टार याचाच. बाबांच्या मते एक नाही दोन कापायला पाहिजेत, पण ते अजून हातपंपाच्या काळातल्या रेटने हिशोब करतात.

दर आठवड्याला तिथे जाणं परवडत नाही, म्हणून मधले वॉश घरीच. मॅटचा शॅम्पू ऑनलाइन मिळतो, केमिकल गाइजचा मेटिक्युलस मॅट लोक जास्त वापरतात, नाही मिळाला तर वॅक्स नसलेला कुठलाही पीएच न्यूट्रल चालेल, भांड्याचा साबण नको. सकाळी ऊन यायच्या आत, बॉनेट गार असताना, आणि शेवटची एक बादली घरच्या आरओच्या पाण्याची. कव्हर घालणाऱ्यांनी एवढं बघा की धुळीच्या गाडीवर कव्हर टाकलं तर वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतली धूळ सगळीकडे घासते, त्यापेक्षा उघडी बरी.

जायचं असेल तर बायपासला रिक्षावाल्यांना मॅटवाला कुठे म्हणून विचारू नका, कोणाला माहिती नाही, कमेंटमध्ये लिहा, मी लोकेशन पाठवतो. फोन तो उचलत नाही, हात ओले असतात, व्हॉट्सअपला आदल्या दिवशी मेसेज टाका आणि गाडीचा फोटो पाठवा. मंगळवारी बंद.