जाम नट-बोल्टसाठी तेल: आठ महिने वापरल्यानंतर

आमचं घर मालवणात, समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यात लोखंड वर्षभर गंजतं. गेल्या जूनमध्ये विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप खोलायला घेतला, तर फ्लँजचे चारही बोल्ट जाम. सतराचा पाना लावून जोर केला आणि एकाचं डोकं तुटून हातात आलं. तेव्हापासून नीट प्रयोग करतोय.

आधी रॉकेल आणि डिझेल. हलक्या गंजाला पुरतं, पंपावर काहीच फरक पडला नाही.

मग स्प्रे. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. डब्ल्यूडी-४० हे नावच 'वॉटर डिस्प्लेसमेंट'वरून आलंय, ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत ते पाणी हटवून गंज रोखायला बनवलं गेलं. जाम बोल्टसाठी त्याच कंपनीचं वेगळं पेनेट्रंट, म्हणजे गंजलेल्या फटींत शिरणारं तेल, आहे. म्हणून कुठलाही डबा घ्या, त्यावर पेनेट्रंट लिहिलंय का ते आधी बघा. स्कूटरच्या सायलेन्सरचे नट मला अशाच पेनेट्रंटने सुटले.

पंपाला मात्र घरचं मिश्रण कामी आलं: पॉवर स्टीअरिंगमध्ये घालतात ते लाल एटीएफ आणि ॲसिटोन, निम्मं निम्मं. ॲसिटोन तेलाला इतकं पातळ करतं की ते आट्यांत शिरतं, मग ॲसिटोन उडून जातं आणि तेल आत राहतं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, त्यामुळे दर वेळी बाटली हलवावी लागते. वायरब्रशने गंज खरवडला, सकाळ-संध्याकाळ थेंब सोडले आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे आठ-दहा हलके ठोके दिले. या ठोक्यांनी गंजाला तडे जातात, तेलाला वाट मिळते. तिसऱ्या दिवशी आट्यांतून चहाच्या रंगाचं पाणी पाझरलं. रिंग पान्याने आधी जरासं आवळलं, 'कट्' आवाज आला, मग उलटं फिरवलं. उरलेले तिन्ही शाबूत निघाले.

ॲसिटोन उणे २० अंशांनाही पेट घेतं, म्हणून चूल, वेल्डिंग, विडी यांच्या आसपास ही बाटली नको. रंग आणि रबरी ओ-रिंगवरही पडू देऊ नका.

बसवताना बोल्टना भरपूर ग्रीस लावलं होतं. परवा उघडले, एका हाताने सुटले. गेटचा खालचा बिजागर मात्र तीन आठवडे भिजवूनही हललेला नाही, तो आता कापूनच काढणार.