क्रूझच्या आदल्या रात्री फोर्टात मुक्काम: हंगामभर वापरल्यानंतर

मुंबईहून क्रूझ धरायची तर आदल्या दिवशी येऊन फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास राहायचं आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सीने बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलला जायचं, अशी ही व्यवस्था. भुयारी मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यावरच्या हंगामात ती पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या मंडळींसाठी वापरली. निकाल आधीच सांगायचा तर व्यवस्था चांगली आहे, पण ती सगळ्यांना लागत नाही. ज्यांना लागते, त्यांच्यातले बरेच जण खोली चुकीच्या कारणासाठी निवडतात. समुद्र दिसतो का, नाश्ता आहे का, गेटवे किती जवळ, हे सगळं विचारतात. चेक-आउट किती वाजता, हे मात्र विचारत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच होते.

गणित साधं आहे. देशांतर्गत क्रूझचं बोर्डिंग बहुतेक वेळा दुपारी असतं आणि जहाज संध्याकाळकडे सुटतं. फोर्टमधल्या मध्यम दराच्या हॉटेलांचं चेक-आउट सकाळी 10 ते 12, काही जुन्या लॉजमध्ये तर 9. म्हणजे खोली सुटल्यापासून बंदराचं गेट उघडेपर्यंत तीन-चार तास हातात मोठ्या बॅगा, सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं आणि डोक्यावर ऑक्टोबरचं किंवा एप्रिलचं ऊन. त्यामुळे खोली बघताना पहिला प्रश्न हा: 24 तासांचा हिशेब आहे का? मुंबईत अशी लॉज आणि हॉटेलं अजून आहेत. दुपारी 3 ला आलात तर दुसऱ्या दिवशी 3 पर्यंत खोली तुमची. जेवून, आंघोळ करून थेट गेटवर. बुकिंगच्या अ‍ॅपवर हे नीट लिहिलेलं नसतं, फोन करूनच विचारावं लागतं. 24 तासांचा हिशेब नसेल तर दुसरा प्रश्न: चेक-आउटनंतर बॅगा ठेवून घेता का, आणि ठेवता तर कुठे? लॉबीत खुर्चीमागे ठेवणं आणि कुलूपबंद खोलीत ठेवणं यात फरक आहे.

आता मुक्काम कोणाला लागतो ते. पुणेकरांना गाडीने, म्हणजे रेल्वेने यायचं असेल तर बहुधा लागत नाही. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला येते, प्रगती साडेअकराच्या आत. सिंहगड त्याही आधी. दुपारच्या बोर्डिंगला एवढं पुरतं आणि एखादा तास उशीर झाला तरी चालतं. नाशिकहून पंचवटीचंही तेच. मात्र पुण्याहून मोटारीने येणार असाल आणि दिवस शनिवार असेल, तर आदल्या रात्रीच या. खंडाळ्याच्या घाटात शनिवारी सकाळी जी रांग लागते तिच्यावर जहाजाची वेळ टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ, संभाजीनगरवरून येणारी देवगिरी या रात्रीच्या गाड्या सकाळीच पोहोचवतात. या लोकांना रात्रीची खोली नको असते, सकाळी 7 ते दुपारी 2 अशी जागा हवी असते. तरीही लोक आदल्या दिवशी येऊन पूर्ण रात्रीचे पैसे भरतात. सीएसएमटीच्या रिटायरिंग रूम 12 तासांसाठीही मिळतात. त्यासाठी कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो आणि बुकिंग आयआरसीटीसीच्या रिटायरिंग रूमच्या पानावरून होतं. सुट्टीच्या हंगामात त्या लवकर भरतात, म्हणून तिकीट हाती आलं की लगेच बघायचं. स्टेशनात झोपण्याचे पॉडही आहेत. एकट्यादुकट्याला ठीक, पण क्रूझची मोठी बॅग पॉडमध्ये आपल्याबरोबर मावेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिसरा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे क्लोक रूम. बॅगेला कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत. चेनला लावायची छोटी कुलपं घरूनच आणा. सोबत तिकीट आणि ओळखपत्र.

तिकिटावर शेवटचं स्टेशन नीट वाचा, ही सूचना बालिश वाटेल. पण कोकणातून आणि दक्षिणेतून येणाऱ्या बऱ्याच गाड्या सीएसएमटीला येतच नाहीत, एलटीटीला म्हणजे कुर्ल्याला संपतात. फलाटांची किंवा रुळांची कामं निघाली की सीएसएमटीच्या गाड्याही दादरला किंवा पनवेलला थांबवतात. एलटीटीबाहेर रिक्षांची गर्दी असते, पण रिक्षा फोर्टला येऊ शकत नाही. सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. तिथून टॅक्सीच करावी लागते. ती ईस्टर्न फ्रीवेने आणायला सांगा.

राहण्याची जागा निवडताना आम्ही तीन भाग वापरले. सीएसएमटीसमोरचा आणि जीपीओच्या आसपासचा भाग सगळ्यात सोयीचा. खोल्या लहान, जिने अरुंद, काही ठिकाणी लिफ्ट पहिल्या मजल्यापासून. पण बॅलार्ड पिअर इथून साधारण दीड किलोमीटरच्या आत आहे. जीपीओवरून वालचंद हिराचंद मार्गाने सरळ बॅलार्ड इस्टेट. बॅलार्ड इस्टेटमध्येच राहिलात तर त्याहून जवळ, पण तिथे हॉटेलं मोजकी आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ता ओस. रविवारी तर औषधाचं दुकान शोधायलाही स्टेशनकडे यावं लागतं. कुलाब्यात पर्याय भरपूर, मॅडम कामा मार्गावरच्या वायडब्ल्यूसीएच्या गेस्ट हाऊससारखे साधे आणि स्वच्छही, संस्था महिलांची असली तरी तिथे पुरुष आणि कुटुंबंही राहू शकतात. पण शनिवार-रविवारी गेटवे आणि कॉजवेच्या गर्दीतून बॅगा घेऊन निघायचं तर अर्धा तास जास्तीचा धरा.

खोली घेताना दोन गोष्टी काउंटरवर अडतात. ठाणे, बोरिवली, नवी मुंबईचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की काही लॉज ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणून खोली नाकारतात. आणि परदेशातून आलेल्या भावाकडे किंवा सुनेकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर हॉटेलला त्यांची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते (लोक याला सी-फॉर्म म्हणतात). छोटी लॉज ती कटकट नको म्हणून परदेशी पाहुणा घेतच नाहीत. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशीच, त्यामुळे आधी फोन करून घ्या.

गेटची गोष्ट थोडी सविस्तर. मुंबई बंदराच्या प्रवेशद्वारांना रंगांची नावं आहेत: ग्रीन, यलो, ऑरेंज, पर्पल. मोठ्या क्रूझचं टर्मिनल बॅलार्ड पिअरला, ग्रीन गेटकडे. सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालेली मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलची नवी इमारत तीच. नकाशात नुसतं क्रूझ टर्मिनल टाकलं तर माझगावकडचं डोमेस्टिक टर्मिनल किंवा भाऊचा धक्काही समोर येतो, आणि आपली क्रूझ गोवा-लक्षद्वीपची, म्हणजे देशांतर्गत, असं मानून लोक तिकडे जातात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सुटते. गेटवेवरून एलिफंटा-मांडव्याच्या लाँच सुटतात. तुमचं जहाज दोन्हीकडे नसतं. टॅक्सीवाल्याला फक्त ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ एवढं सांगा. काळी-पिवळीवाल्यांना गेटं रंगानेच माहीत असतात. निघण्यापूर्वी कंपनीच्या बोर्डिंग पासवरचं गेट एकदा ताडून पाहा.

टॅक्सीचा प्रश्न अंतराचा नाही, डिकीचा आहे. काळी-पिवळी असो की अ‍ॅपवरची लहान गाडी, बहुतेकांत मागे सीएनजीचा सिलिंडर असतो आणि तो अर्धी डिकी खातो. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका लहान गाडीत मावत नाहीत. वर कॅरियर असलेली काळी-पिवळी मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन टॅक्सी करा किंवा सहा आसनी मागवा. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं 31 रुपये आहे, म्हणजे सीएसएमटी ते ग्रीन गेट मीटरने किरकोळच होतं. म्हणूनच स्टेशनसमोरच्या रांगेतला टॅक्सीवाला नाही म्हणतो किंवा ठोक दोनशे-तीनशे सांगतो. यावर उपाय म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरल्यावर मुख्य दरवाजाकडे न जाता 18 नंबरच्या फलाटाच्या बाजूने पी. डी'मेलो रोडकडे बाहेर पडणं. तिथून जाणारी टॅक्सी थांबवली की सहसा मीटरने येते, आणि सीएसएमटीच्या चौकातला सिग्नलही टळतो.

स्वतःची मोटार आणणाऱ्यांना अटल सेतू मोठा दिलासा आहे. द्रुतगती मार्गावरून चिर्ले, 21.8 किलोमीटरचा सेतू, शिवडी, मग ईस्टर्न फ्रीवेने ऑरेंज गेट. सेतूचा मोटारीचा टोल एका बाजूचा 250 रुपये. वाशीच्या खाडीपुलावरून आलात तर मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून माफ आहे, पण वेळ सांगता येत नाही. फ्रीवे उतरल्यावर ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, म्हणून शेवटच्या तीन किलोमीटरसाठी अर्धा तास राखून ठेवा. गाडी तीन-चार रात्री ठेवायची कुठे, हे आधी ठरवल्याशिवाय मोटार आणूच नका. फोर्टातल्या रस्त्यावरचं पे अँड पार्क रात्रंदिवस गाडी सोडायला नसतं, आणि रविवारी मोकळ्या दिसणाऱ्या बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्या सोमवारी मोकळ्या नसतात. पनवेल किंवा नवी मुंबईत नातेवाइकांच्या सोसायटीत गाडी लावून पुढे लोकलने येणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

विमानाने येणाऱ्यांसाठी मेट्रो 3 ने चित्र बदललं. मुंबई विमानतळाच्या टी-2 टर्मिनलपासून सीएसएमटी पाऊण तासाच्या आसपास, आणि पूर्ण मार्गाचंच कमाल तिकीट 70 रुपये आहे. पण ती रात्री साडेदहाच्या पुढे उपयोगाची नाही, आणि भुयारात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वरच काढून घ्या. विमानतळ कोणता तेही पाहा: डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू आहेत. तिकिटावर बीओएम ऐवजी एनएमआय असेल तर मेट्रोचा बेत विसरा आणि अटल सेतूवरून टॅक्सी धरा.

डोंबिवली-ठाण्याला नातेवाइकांकडे राहून पैसे वाचवण्याचा विचार सगळ्यांनाच सुचतो. शनिवारच्या बोर्डिंगला तो चालतो. रविवारच्या बोर्डिंगला मेगाब्लॉक मध्ये येतो, आणि त्याची वेळ साधारण सकाळी 11 ते दुपारी 4, म्हणजे नेमकी आपलीच. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर गाड्या दुसऱ्या रुळांवरून वळवतात, उशीर होतो आणि गर्दी वाढते, पण त्या धावतात. हार्बरला मात्र ठरावीक पट्ट्यातल्या फेऱ्या सरळ रद्द असतात. वाशी-पनवेलकडून येणाऱ्यांनी रविवारी अकराच्या आत सीएसएमटी गाठावं किंवा रस्त्याने यावं. ब्लॉक कुठे आहे ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं.

काही तारखा वेगळ्याच. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीवरूनच सुटते आणि सकाळभर आजूबाजूचे रस्ते बंद असतात; त्या दिवशी मुक्काम पायी जाण्याच्या अंतरातच हवा. 6 डिसेंबरच्या आगेमागे दादरला उतरून गाडी बदलण्याचा बेत करू नका. आझाद मैदानावर मोठा मोर्चा असला की सीएसएमटीसमोरचा चौक अडतो, तेव्हा पुन्हा पी. डी'मेलो रोडची बाजू.

बॅगा भरताना एवढंच: मोठ्या बॅगा गेटवर टॅग लावून द्याव्या लागतात आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, मूळ ओळखपत्रं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. ओळखपत्राचा फोनमधला फोटो चालेल असं धरू नका. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, लायटर, दारू आणि घरचं जेवणखाण तपासणीत काढून घेतात. चकल्या-लाडवांचे डबे आदल्या रात्री खोलीवरच संपवा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशीच विकत घेऊन ठेवा. बंदराच्या आवारात फोटो काढू नका, सुरक्षा दलाचे जवान हटकतात.

परतीचं तिकीट काढतानाही वेळ राखून ठेवा. सकाळी जहाज धक्क्याला लागलं तरी बॅगा मिळून बाहेर पडेपर्यंत वेळ जातो, आणि प्रवाशांना जहाजाच्या मजल्यामजल्याने सोडतात. सीएसएमटीहून 8:40 ची कोयना धरायच्या भानगडीत पडू नका; कोल्हापूरकरांनी रात्रीची महालक्ष्मीच घ्यावी. पुण्यासाठी दुपारी 4:05 ची सोलापूर वंदे भारत किंवा 5:10 ची डेक्कन क्वीन, नाशिकसाठी 6:15 ची पंचवटी. मधल्या वेळात बॅगा क्लोक रूममध्ये टाकून स्टेशनसमोरच्या ‘आराम’ हॉटेलात वडा खाता येतो. तिकीट आणि कुलपं तेवढी बॅगेच्या तळाशी टाकू नका.