सेन्सर क्लीनिंगचं स्वॅब किट: चिवट डागांवर चालतं, पण झाकण भिकार

आकाशाच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी तेच काळपट ठिपके, लेन्स बदलली तरी तिथंच, म्हणजे घाण सेन्सरवर (लेन्समागे, कॅमेऱ्यात फोटो टिपणारा भाग) हे नक्की. एफ/२.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं) काही जाणवत नाही, एफ/१६ ला (छिद्र बारीक) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सगळं उघडं पडतं. ब्लोअरने (हवा मारायचा रबरी फुगा) सुकी धूळ उडते पण तेलाचे थेंब ढिम्म हलत नाहीत, निकॉन डी६०० कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग पडायचे ते प्रकरण आठवत असेलच, २०१४ मध्ये कंपनीने फुकटात क्लीनिंग आणि शटर बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. तर अशा डागांना हे ओलं स्वॅबच (टोकाला मऊ कापड असलेली चपटी काडी) लागतं.

फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) २४ मिमीचे घ्या, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सर) १६ चे. लिक्विड अगदी थेंबभर, जास्त झालं की ओघळ राहतात. एका बाजूने एकदाच पुसायचं, उलटं करून परत यायचं आणि सरळ फेकून द्यायचं, जीवावर आलं तरी, कारण एक वाळूचा कण अडकला की चरा पडलाच. (तसं आपण सेन्सर नाही, त्यावरच्या फिल्टरची काच पुसतो, उगाच हात थरथरू देऊ नका.) डीएसएलआर (आतला आरसा वर उचलून पुसावं लागणारा कॅमेरा) असेल तर बॅटरी फुल ठेवा, नाहीतर आरसा मधेच खाली यायचा.

फोटोत वर डावीकडचा डाग समोरून बघताना सेन्सरवर खाली डावीकडे असतो, हे किटच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नाही, कमाल आहे! डाग मात्र गेले, कोपऱ्यातला एक चिवट होता तोही दुसऱ्या स्वॅबला गेला. बाटली आडवी ठेवली की गळते. चार स्टार.