देसेवरचा बोर्डगेम, पावसाळाभर खेळून झाल्यावर

देसे म्हणजे नेपोलियनचा फ्रेंच जनरल, आणि गेम त्याच्या लढायांवर. काल रात्री त्यातली मरेंगोची (इटलीतली) लढाई परत हरलो, तेही एकाच नियमामुळे, म्हणून आज लिहायलाच बसलो. हेक्स, फासे, तीन मॅप वगैरे सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही.

नियम असा की देसेचा काउंटर (पुठ्ठ्याची सोंगटी) मेला की त्याच्या हाताखालच्या बुदे डिव्हिजनची ताकद थेट निम्मी. काय संबंध? 14 जून 1800 ला नेपोलियनविरुद्ध ऑस्ट्रियन फौज जवळपास जिंकलेलीच होती. देसेला दक्षिणेकडे पाठवलेलं, पण स्क्रिव्हिया नदीला पाणी चढल्यामुळे तो फार लांब गेलाच नव्हता, म्हणून बोलावणं आल्यावर पाचच्या सुमारास सान जुलियानोला पोचला. हल्ला सुरू होतो न होतो तोच गोळी लागून पडला, वय फक्त 31. पण त्याची माणसं पळाली का? नाही! नववी लाइट ही त्याची पायदळ तुकडी तशीच भिडलेली राहिली, फ्रेंच मार्मोंच्या तोफा जवळून आग ओकत होत्या आणि फ्रेंच केलरमान चारेकशे घोडेस्वार घेऊन बाजूने असा घुसला की ऑस्ट्रियन जनरल झाखच कैद झाला. म्हणजे देसे पडल्यावरच लढाई फिरली, आणि गेममध्ये नेमकी तिथेच माती केलीये.

कंपनीला मेल केला तर म्हणे दुरुस्त काउंटर एक्सपान्शन पॅकमध्ये आहेत, तो मागवा. आधीच कस्टम ड्युटीने खिसा रिकामा केलाय, आता पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासाठी परत शिपिंग भरू? चूक त्यांची, पैसे माझे? अजिबात नाही.

दुसरा मॅप, ऱ्हाइनकाठच्या केल किल्ल्याचा वेढा, ठीक आहे, 9 जानेवारी 1797 पर्यंत तग धरायचा, बास.

इजिप्तबद्दल मात्र मत पार बदललं. सुरुवातीला नाईलकाठची ती लांबलचक पट्टी बघूनच कंटाळा यायचा, आता तोच मॅप सगळ्यात जास्त खेळतो. सेदिमानला मामलूक सरदार मुराद बेला हरवलं तरी तो वाळवंटात निसटतो, मागे धावायला घोडे नाहीत, आपलाच जनरल दाव्हू घोडदळ घेऊन येईपर्यंत हात चोळत बसायचं, मग समहुदला परत हरवा, तरी गडी परत निसटतो, आणि आस्वान गाठेपर्यंत आपलं सैन्य अर्धमेलं. त्यात गावांवर कर कमी लावला तर धान्य नीट मिळतं, हे तर फारच आवडलं, कारण तिथले लोक देसेला न्यायी सुलतान म्हणायचे ते उगाच नाही.

आमच्याकडे आता देसे पडला तरी बुदेची ताकद तशीच राहते आणि केलरमानला एक फासा जास्त. घ्यायचा असेल तर सेकंडहँड बघा, फक्त काउंटर मोजून घ्या.