'प्रे ॲज यू गो' : कामावर जाता-येता करायची प्रार्थना

ब्रिटनमधील येशूसंघीयांची (म्हणजे 'जेझुइट' या कॅथोलिक धर्मसंघाची) 'प्रे ॲज यू गो' ही ध्वनिप्रार्थनेची सेवा २००६ साली प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, सुरू झाली. त्या वेळी लोक खिशातल्या एमपी-थ्री प्लेअरवर गाणी ऐकत कामाला जात असत; त्याच वाटेवर, त्याच यंत्रावर त्यांना प्रार्थनाही करता यावी, हा तिचा उद्देश होता. आज ती अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींवर ॲपच्या रूपाने मिळते आणि संकेतस्थळावरूनही ऐकता येते. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि ती देणग्यांवर चालत असल्यामुळे प्रार्थनेच्या मध्येच जाहिरात कानावर आदळत नाही. मी वसईची कॅथोलिक आहे, लोअर परळच्या एका कंपनीत लेखा विभागात काम करते, आणि महिनाअखेरीला घरी पोहोचायला रात्रीचे दहा वाजणे ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. अशी नोकरी सांभाळूनही ख्रिस्ताशी असलेले आपले नाते वाढत राहावे, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना या सेवेचा उपयोग किती होतो आणि कुठे ती कमी पडते, हे मी दीर्घकाळच्या वापरानंतर लिहीत आहे.

एक सत्र दहा ते तेरा मिनिटांचे असते. सोमवार ते शुक्रवार रोज नवे सत्र, आणि शनिवार-रविवार मिळून एक, अशी रचना आहे. आरंभी तारीख आणि उपासनावर्षातला, म्हणजे चर्चच्या सणा-काळांच्या वर्षातला, आठवडा सांगितला जातो. मग संगीत येते. ते कधी फ्रान्समधल्या तेझे येथील मठाचे, एकच ओळ पुनःपुन्हा आळवणारे गीत असते, कधी ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचे जुने लॅटिन एकसुरी गायन, तर कधी अगदी आजच्या वळणाचे गाणे. त्यानंतर बायबलमधला एक छोटा उतारा, जो बहुतेक वेळा त्या दिवशीच्या मिस्सातील (चर्चमधल्या मुख्य उपासनेतील) वाचनांपैकीच असतो, सावकाश वाचला जातो. त्यावर मोजके प्रश्न विचारले जातात, प्रत्येक प्रश्नापाठोपाठ थोडी शांतता ठेवलेली असते, मग तोच उतारा पुन्हा एकदा ऐकवला जातो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या गौरवाने सत्र संपते. हे प्रवचन नव्हे आणि शास्त्राभ्यासही नव्हे, असे सेवा चालवणारे स्वतःच सांगतात. ज्यांना उताऱ्याची पार्श्वभूमी किंवा मूळ भाषेतील बारकावे हवे असतील, त्यांनी ते अन्यत्र शोधावेत.

या रचनेचे मोल नोकरदार माणसाला पटकन कळते. दमलेल्या मनाला सकाळी सर्वांत जड जाते ते ठरवणे: आज काय वाचू, कुठून सुरुवात करू, किती वेळ बसू. इथे हे सारे दुसऱ्या कोणी आधीच ठरवून ठेवलेले असते. गाडीने वसई रोड सोडले की सत्र लावावे, आणि भाईंदरची खाडी ओलांडून मीरा रोड मागे पडेपर्यंत ते साधारण पूर्ण होते. शिवाय प्रत्येक सत्र त्या दिवसापुरते असते. लेखापरीक्षणाच्या धामधुमीत एखादा दिवस हुकला, तर मागचा धडा भरून काढायचे ओझे डोक्यावर राहत नाही. आजचा शब्द आज ऐकायचा, एवढेच. वर्षभरात बायबल वाचून काढण्याच्या योजना मी चांगल्याच मानते, परंतु कामाच्या हंगामात त्या मागे पडू लागतात आणि मग प्रार्थनेतही कार्यालयातल्यासारखाच थकीत कामांचा हिशेब सुरू होतो. या सेवेत ते घडत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

परंतु माझ्या दृष्टीने खरा गुण तिच्या प्रश्नांमध्ये आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या पद्धतीनुसार ऐकणाऱ्याला शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातल्या, प्रसंगात उभे केले जाते: तिथे तू कुठे आहेस, तुला काय दिसते, येशू तुझ्याकडे वळून काय म्हणतो? मार्कच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तिमय येशूला हाक मारतो, आणि भोवतालचे लोक त्याला गप्प बसायला दटावतात. हा उतारा मी लहानपणापासून चर्चमध्ये बाकावर बसून ऐकत आले आहे. दाराजवळच्या रेटारेटीत, कोणाची तरी पिशवी पाठीत रुतलेली असताना, तो ऐकला तेव्हा प्रथमच माझे लक्ष बार्तिमयाऐवजी त्या दटावणाऱ्या गर्दीकडे गेले. त्यांना घाई होती, ते कुठेतरी निघाले होते, आणि वाटेतला ओरडणारा माणूस त्यांना अडथळा वाटत होता. येशू मात्र थांबतो, आणि विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" त्या दिवशी विभागातल्या एका नवख्या मुलीने तीच शंका पुन्हा विचारली, तेव्हा मी काम बाजूला ठेवून तिच्याजवळ बसले. कामाचा दिवस बाहेर ठेवून प्रार्थना करायला ही सेवा सांगत नाही. ती त्या दिवसालाच प्रार्थनेत घेऊन येते, आणि म्हणूनच ती टिकते.

याच कारणासाठी या ॲपमधील 'एक्झॅमेन', म्हणजे दिवसाचे सिंहावलोकन, मला सकाळच्या सत्रापेक्षाही महत्त्वाचे वाटते. पुष्कळजण ते उघडूनही पाहत नाहीत, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. इग्नेशियस यांनी त्याचे पाच टप्पे सांगितले आहेत: मिळालेल्या कृपेबद्दल देवाचे आभार मानणे, स्वतःला ओळखता यावे म्हणून कृपा मागणे, दिवस तासातासाने नजरेखालून घालणे, जिथे चुकले तिथे क्षमा मागणे, आणि पुढे सुधारण्याचा निश्चय करणे. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, तर यासाठी त्यापेक्षा योग्य वेळ नाही, कारण दिवस अजून ताजा असतो आणि घरच्या कामांनी अद्याप ताबा घेतलेला नसतो. दुपारी पाठवलेल्या ई-मेलमधला तिखट शब्द, बैठकीत दुसऱ्याच्या कष्टांचे श्रेय त्याला देताना केलेला चुटपुटता उल्लेख, किंवा डबा खाताना सहकाऱ्याने आईच्या आजारपणाबद्दल सांगितलेली गोष्ट, या साऱ्या बाबी तेव्हा एकेक करून समोर येतात. आभारापासून सुरुवात असल्यामुळे हे आत्मपरीक्षण स्वतःला झोडपण्याकडे झुकत नाही. आणि आध्यात्मिक वाढ म्हणजे काय, हे मला इथेच उमगू लागले: सकाळी ऐकलेला शब्द दिवसात कुठे उतरला आणि कुठे अडला, हे पाहण्याची सवय लागल्याखेरीज ऐकलेले कितीही गोड वाटले तरी मुरत नाही. ज्यांना दिवसातून एकच गोष्ट जमणार असेल, त्यांनी सकाळचे सत्र सोडावे आणि रात्रीचे सिंहावलोकन धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात इग्नेशियस यांनी कामात गुंतलेल्या, महिनाभर घर सोडून एकांतात जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी वेगळी सवलत ठेवली आहे. एकोणिसाव्या टिपणीत ती येते. ती सवलत आहे रोज दीड तासाची. म्हणजे धकाधकीतल्या माणसाकडूनही त्यांची अपेक्षा एवढी होती! त्या मापाने बारा मिनिटे फारच थोडी आहेत, आणि त्यांवर आयुष्यभर भागवता येईल असे कोणी समजू नये. ॲपमध्ये काही दिवस चालणारी चिंतनशिबिरेही आहेत, सुट्टीच्या आठवड्यात ती उपयोगी पडतात. परंतु ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी वांद्र्याच्या येशूसंघीय रिट्रीट हाऊससारख्या ठिकाणी जाऊन एखाद्या अनुभवी मार्गदर्शकासमोर बसावे. यंत्र तुमचे ऐकत नाही, आणि कधीतरी कोणीतरी आपले ऐकणे या वाटेवर अत्यावश्यक असते.

वापरातल्या अडचणी थोड्या आहेत. वाचकांचे आवाज मृदू असल्यामुळे गाडीच्या खडखडाटात शब्द हरवतात, तेव्हा कानात घट्ट बसणारा इअरफोन हवा; चढताना-उतरताना आणि रूळांच्या आसपास तो काढून ठेवावा, हे वेगळे सांगायला नको. प्रश्नांनंतरची शांतता मला अपुरी वाटते, म्हणून मी सत्र मध्येच थांबवून ठेवते.

भाषेची उणीव मात्र मोठी आहे. सारे काही इंग्रजीत आहे. कार्यालयात दिवसभर इंग्रजी वापरणाऱ्यालाही देवाशी बोलताना ती भाषा काहीशी दूरची वाटते, आणि माझ्या आईसारख्या माणसाला तर ही सेवा बंदच आहे. मी त्यावर तोडगा म्हणून तोच उतारा 'यूव्हर्जन'च्या बायबल ॲपवर मराठीत वाचते; तेही विनामूल्य आहे आणि त्यात मराठी भाषांतरे मिळतात. तरीही वाचणे वेगळे आणि आपल्या भाषेत कोणीतरी शांतपणे प्रश्न विचारणे वेगळे. वसईच्या घरांमध्ये संध्याकाळी सारे कुटुंब एकत्र बसून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणते, आणि उशिराच्या गाडीने येणाऱ्यांची ती बहुतेक वेळा हुकते. एकट्याने कानाशी केलेली प्रार्थना त्या एकत्र म्हटलेल्या प्रार्थनेची जागा घेऊ शकत नाही, रविवारच्या मिस्साची तर नाहीच नाही. पण गाडीतल्या त्या वेळेपुरते तरी मराठीतून असे काही ऐकायला मिळावे, अशी माझी फार इच्छा आहे. मिस्सातील वाचने मराठीत आहेत, आमच्या गायनमंडळांकडे भक्तिगीतांचा मोठा साठा आहे, महाराष्ट्रात येशूसंघीयांच्या संस्था आहेत आणि उत्तम मराठी लिहिणारे धर्मगुरू वसईने पुष्कळ दिले आहेत. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या चार आठवड्यांपुरती जरी अशी सत्रे कोणी तयार केली, तरी ती ध्वनिमुद्रित करायला आवाज मिळवून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.